जिमखान्याचं नवं गेट

दीपमाला मूळची अणदूरची. खंडोबाच्या यात्रेत गावात पाय ठेवायला जागा उरत नसे. तेव्हा हरवलेल्या पोरांची नावं भोंग्यावरून पुकारायचं काम शाळेतल्या ज्या मुलीकडं यायचं, ती ही. आवाज खणखणीत, शब्द स्वच्छ, आणि गर्दीला बिचकणं तिला ठाऊकच नव्हतं. बारावी झाली, टायपिंग झालं, कॉम्प्युटरचा कोर्स झाला आणि लग्न होऊन ती धाराशिवला आली. नवरा शिवशरण एसटीच्या डेपोत मेकॅनिक. माणूस शांत, अंगाला कायम डिझेलचा वास. एक मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली आणि दुपारचं रिकामं घर दीपमालाला खायला उठलं. तेवढ्यात बालाघाट जिमखान्याच्या ऑफिसात बाई पाहिजे, असं कुणीसं सांगितलं.

जिमखाना म्हणजे गावातल्या मोठ्या माणसांची संध्याकाळी जमायची जागा. निजामाच्या राजवटीत कुणा अव्वल तालुकदारानं, म्हणजे त्या वेळच्या कलेक्टरानं, स्वतःला टेनिस खेळायला दोन कोर्टं आणि एक दगडी हॉल बांधून घेतला होता. साहेब गेला, राज्य गेलं, जिमखाना राहिला. पुढं बॅडमिंटन आलं, कॅरम आले, पत्त्यांची खोली झाली, मागं स्वयंपाकघर झालं. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, आडते, कंत्राटदार असे सभासद. पोरीचं स्थळ सांगताना लोक ‘वडील जिमखान्याचे मेंबर आहेत’ हे आवर्जून सांगायचे.

त्या वेळी सेक्रेटरी होते कृष्णराज सर. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्तीला आलेले, उंच, शर्ट कायम खोचलेला. मुलाखतीला आणखी चार-पाच जणी होत्या. सरांनी दीपमालाची प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि विचारलं, “इथं माणसं भांडत येतात. चिडलेल्या माणसाशी कसं बोलशील?”

“आधी बसा म्हणीन सर,” ती म्हणाली. “बसलं की माणूस निम्मा थंड होतो.”

सर मोठ्यानं हसले. नोकरी तिला मिळाली.

भांडणं खरंच होती. कोर्टाची वेळ फळ्यावर खडूनं लिहायची पद्धत, आणि खडू ज्याच्या हातात त्याचं कोर्ट. एकानं लिहिलेलं दुसरा पुसायचा. एकाच्या नावावर दुसराच जेवून जायचा आणि महिन्याच्या बिलाला दीपमालाच्या टेबलापुढं रणकंदन व्हायचं. बायकांना बॅडमिंटनचा हॉल संध्याकाळी कधी मिळायचाच नाही. सुरुवातीला ती घरी जाऊन रडायची. मग सरांनी तिला शिकवलं. “शिव्या तुला नसतात. तू त्या खुर्चीत बसलीस म्हणून तुझ्या अंगावर येतात. खुर्चीवरून उठलीस की तिथंच ठेवून जात जा.” हे तिला पटलं आणि जमलंही. वर्षं गेली. दीपमाला जिमखान्याची झाली.

सर निवृत्त झाले, सेक्रेटरीपद दुसऱ्याकडं गेलं, पण संध्याकाळी सर जिमखान्यात यायचे ते यायचेच. कॅरम खेळायचे. हात सोन्यासारखा. मग हळूहळू काहीतरी बिघडत गेलं. राणी घेतली की वर कव्हर घ्यायचं असतं, हे सर विसरायला लागले. एकदा दीपमालाच्या टेबलाशी येऊन त्यांनी तिच्या मुलीची चौकशी केली, हॉलमध्ये जाऊन परत आले आणि तीच चौकशी पुन्हा केली. तिनं पुन्हा तसंच, तितक्याच हौसेनं सांगितलं. डॉक्टरांनी त्या आजाराला जे काय नाव दिलं ते सगळ्यांना कळलं, पण जिमखान्यात ते कुणी उच्चारलं नाही. समोरचा खेळाडू सरांना खेळाचा नियम हळूच आठवून द्यायचा. आणि गेटवरचे लालमहंमद चाचा सर आले की त्यांचा दंड धरून कॅरमपर्यंत सोडायचे आणि दिवेलागण झाली की घरापर्यंत पोचवून यायचे. हे कुणी ठरवलं नव्हतं. आपोआप लागलेली घडी होती ती.

मग निवडणुका झाल्या आणि शिवपुत्र अण्णा अध्यक्ष झाले. रस्त्यांचे कंत्राटदार, चाळिशी ओलांडलेले, बोलायला गोड, कामाला वाघ. कॉलेजात सरांचेच विद्यार्थी. पुण्या-सोलापूरचे क्लब बघून आले होते. वार्षिक सभेत उभे राहून म्हणाले, “तिकडं माणूस मोबाईलवरून कोर्ट बुक करतो. जेवणाचं बिल मोबाईलवर येतं. आपण अजून खडू घेऊन भांडतोय. लाज वाटाय पाहिजे.” टाळ्या पडल्या. ठराव आला तेव्हा सरांचाही हात वर गेला. “मी कधीचा म्हणतोय,” ते शेजारच्याला म्हणाले, आणि ते खरंही होतं. जिमखान्यात पहिला कॉम्प्युटर त्यांनीच भांडून आणला होता.

पुण्याच्या कंपनीची माणसं आली. सॉफ्टवेअर बसलं, ॲप आलं, आणि जुनं लोखंडी फाटक काढून तिथं काचेचं गेट आलं. मशीनपुढं उभं राहायचं, मशीन चेहरा ओळखणार आणि गेट सरकणार. सगळ्या सभासदांची माहिती भरायचं काम दीपमालाकडं आलं. ती हरखून गेली. बटणं, खिडक्या, अहवाल, सगळं तिनं भराभर शिकून घेतलं. एकेका सभासदाला मशीनपुढं उभं करून तिनंच फोटो घेतले. सर फोटोला आले तेव्हा खिशातून कंगवा काढून त्यांनी भांग नीट केला. “कशाला गं हा फोटो?” “गेटसाठी सर.” “बरं, बरं.” जरा वेळानं पुन्हा, “कशाला गं हा फोटो?”

गेट आधी हिंदीत बोलायचं. अण्णा म्हणाले, “आपलं गेट मराठीत बोलंल.” कुणाचा आवाज घ्यायचा, हा प्रश्नच नव्हता. अध्यक्षांच्या खोलीतला पंखा बंद करून, घामाघूम होत दीपमालानं दोन वाक्यं मोबाईलवर रेकॉर्ड करून दिली. ‘नमस्कार, बालाघाट जिमखान्यात आपलं स्वागत आहे.’ आणि दुसरं, ‘क्षमस्व. आपलं सभासदत्व सध्या स्थगित आहे. कृपया कार्यालयाशी संपर्क साधा.’ रविवारी शिवशरणला मुद्दाम गेटवर आणून तिनं आपला आवाज ऐकवला. तो म्हणाला, “घरात इतकं गोड कवा बोललीस गं?”

आणि खरंच, सुधारलं. खोटं कशाला बोलावं? बिलाची भांडणं एका महिन्यात थांबली. राजेश्वरी डॉक्टर आणि त्यांच्या मैत्रिणींना संध्याकाळचा बॅडमिंटन हॉल पहिल्यांदा हक्कानं मिळाला, कारण मशीनला पुरुष-बाई कळत नव्हतं, आधी कुणी बुक केलं एवढंच कळत होतं. राजेश्वरीबाईंनी घाम पुसत येऊन दीपमालाच्या टेबलावर पेढे ठेवले. त्या दिवशी आपण गावासाठी काहीतरी चांगलं काम केलं, असं तिला मनापासून वाटलं.

फक्त चाचा गेले. गेट आपोआप उघडतंय म्हटल्यावर गेटवर कायमचा माणूस कशाला, असं कमिटीचं म्हणणं पडलं. गाड्या लावून घ्यायला एजन्सीचे रखवालदार आले, ते दर महिन्याला बदलायचे. चाचांनी कुरकुर केली नाही. फिरोजच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, पंक्चरच्या दुकानात जाऊन बसायला लागले. निरोप घ्यायला आले तेव्हा म्हणाले, “दरवाजा अपने आप खुलतो, तर मला उभं करून काय फायदा, बेटी? पण सरांना कुनीतरी हात द्याय पाहिजे हां.”

तो हात दीपमालानं दिला. सर यायचे, गेट त्यांचा चेहरा ओळखायचं, ती टेबलावरून उठून त्यांना कॅरमपर्यंत न्यायची. परत जाताना कुणीतरी गाडीतून सोडायचं. असे काही महिने बरे गेले.

पुढच्या एप्रिलात सॉफ्टवेअरनं सगळ्या सभासदांना निरोप पाठवला की दरवर्षी एकदा आपली ओळख ताजी करायची. मोबाईलवर ओटीपी येईल, तो ॲपमध्ये टाकायचा. न टाकणाऱ्याचं सभासदत्व महिनाअखेर आपोआप स्थगित. तरण्या मंडळींचं मिनिटात झालं. म्हाताऱ्यांचे ओटीपी दीपमालानं फोन करकरून विचारून घेतले. राहिले सर. त्यांचा नंबर लागेचना. चौकशी केली तर कळलं, बँकेतून बोलतोय म्हणून लबाड लोकांचे फोन यायला लागले होते आणि सर त्यांना सगळं प्रेमानं सांगत बसायचे. म्हणून मुलगा उत्कर्षनं, तो हैदराबादला असतो, ते सिमच बंद करून टाकलं होतं.

दीपमालानं कंपनीला फोन लावला.

“मॅडम, नंबर बदलता येतो,” पलीकडची मुलगी म्हणाली. “जुन्या नंबरवर ओटीपी जाईल, तो सांगा.”

“जुना बंद आहे म्हणूनच बदलायचाय.”

“हो मॅडम, समजलं. पण त्यासाठी जुन्या नंबरवर ओटीपी जावा लागेल.”

“अहो, माणूस माझ्या समोर उभा राहतो रोज. मी ओळखते त्यांना.”

“हो मॅडम. पण सिस्टिमला तसं सांगता येत नाही. किंवा मग तुमच्या अध्यक्षांच्या लॉगिनमधून मंजुरी घ्या.”

अध्यक्ष त्या आठवड्यात नागपूरला होते. दीपमालानं निरोप ठेवला. महिना संपला.

एक तारखेच्या संध्याकाळी ती बिलं काढत होती. खिडकीच्या काचेतून गेट दिसायचं. सर आले, नेहमीसारखे मशीनपुढं उभे राहिले. लाल दिवा लागला. आणि तिला तिचाच आवाज ऐकू आला, गोड, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. ‘क्षमस्व. आपलं सभासदत्व सध्या स्थगित आहे. कृपया कार्यालयाशी संपर्क साधा.’

सरांनी इकडंतिकडं बघितलं. मग मशीनकडं वाकून म्हणाले, “दीपमाला, मी आहे गं. कृष्णराज. दार उघड.”

‘क्षमस्व,’ तिचा आवाज म्हणाला.

“काय झालं? रागावलीस का?”

‘आपलं सभासदत्व सध्या स्थगित आहे.’

“बरं. मग थांबतो जरा,” सर म्हणाले आणि खरोखरच हात मागं बांधून बाजूला उभे राहिले, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे.

दीपमाला धावत बाहेर गेली. गेट आतून हातानं उघडायची सोय नव्हती. ओळखीनं कुणालाही आत घेतात म्हणून ती मुद्दाम ठेवली नव्हती. ती मागच्या बाजूनं, स्वयंपाकघराच्या दारातून वळसा घालून रस्त्यावर आली आणि सरांचा हात धरला. सरांचा चेहरा उजळला. “अगं, आत होतीस ना? इकडून कशी आलीस?” तिनं त्यांना भाजीच्या पाट्यांमधून, भांडी घासणाऱ्या बायकांच्या मधून, मागच्या दारानं आत नेलं. सेक्रेटरी असताना ज्या माणसानं हे स्वयंपाकघर आणि हे दार बांधून घेतलं होतं, तो त्याच दारातून पाय उचलून, खाली बघत, कांद्याची सालं चुकवत आत आला.

आठवडाभर तसंच चाललं. मग अण्णांनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावरच्या पडद्यावर मागच्या दाराच्या कॅमेऱ्याचं चित्र होतं. सरांचा हात धरलेली ती.

“बस दीपमाला,” अण्णा म्हणाले. रागावलेले नव्हते. ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

“अण्णा, नुसती तुमची मंजुरी पाहिजे. एक बटण दाबायचंय. मी दाखवते कुठं ते.”

अण्णांनी पेन उलटंसुलटं केलं. “कमिटीत विषय झाला. मागच्या महिन्यात सर बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत शिरले. चुकून शिरले, मान्य. कुणी बोललं न्हाय, पण घरी जाऊन बोलले. उद्या पायऱ्यांवरून पडले तर जबाबदार कोण? मी का तू?”

“पण नियम तर ओटीपीचा...”

“खरं सांगू का तुला?” अण्णांचा आवाज खाली आला. “त्यांनी मला शिकवलंय. फी भरायला नव्हती तर त्यांनी भरलीय. त्यांच्या तोंडावर ‘सर, येऊ नका’ असं म्हणायची माझी छाती न्हाय. कमिटीत कुणाचीच न्हाय. आता मशीन म्हणतंय. म्हणू दे की. कुणाचं कुणाशी वाकडं व्हायला नको.”

मशीन म्हणतंय ते माझ्या तोंडानं म्हणतंय, हे दीपमालाच्या ओठांवर आलं होतं. ती एवढंच म्हणाली, “मग माझा आवाज तरी काढा तिथनं.”

“काढू की. पुढच्या अपडेटला सांगतो कंपनीला,” अण्णा म्हणाले, आणि फोन वाजला म्हणून त्यांनी तो उचलला.

मागच्या दाराला दुसऱ्या दिवशी कुलूप बसलं. किल्ली आचाऱ्याकडं.

दीपमाला राजेश्वरी डॉक्टरांकडं गेली. त्यांनी लगेच आपल्या नावावर सरांना पाहुणा म्हणून आत घेतलं. दोन-तीन सभासदांनी तसंच केलं. पण एका पाहुण्याला महिन्यात मोजक्याच वेळा आत सोडायचं, अशी सॉफ्टवेअरमध्ये सोय होती. लोक क्लबचा फुकट फायदा घेतात म्हणून ती सोय दीपमालानंच, कमिटीच्या सांगण्यावरून, चालू केली होती. दुसऱ्या आठवड्यातच पाहुणा म्हणूनही सरांच्या नावापुढं लाल फुली आली. राजेश्वरीबाई चिडल्या, अध्यक्षांशी बोलते म्हणाल्या, बोलल्याही असतील. पुढं त्यांच्या दवाखान्याचं काम निघालं आणि त्यांचंही येणं कमी झालं.

शेवटी दीपमाला सरांच्या घरी गेली. दार द्वारकाबाई काकूंनी उघडलं. गुडघे गेलेले, भिंत धरून चालायच्या. सर आत झोपले होते. तिनं सगळं सांगितलं.

“म्हणजे येऊच देऊ नको म्हणतीस?” शेवटी त्यांनी विचारलं.

“तसं न्हाय काकू. पण रोज तिथं उभं राहतात, माझ्याच्यानं बघवत न्हाय.”

“अगं, मी काय करू? पाच वाजले की कपडे करून दारात उभे. मी म्हणते, आज जिमखाना बंद आहे. त्यांना पटत न्हाय. कडी लावली तर दार बडवतात, ‘मला का कोंडलंय’ म्हणून ओरडतात. शेजारी गोळा होतात. ह्या गुडघ्यांनी मी त्यांच्यामागं कुठं पळू?” काकूंनी पदरानं तोंड पुसलं. “तिथं जाऊन उभे राहतात आणि अंधार पडायच्या आत आपले आपण परत येतात. तेवढं तरी येतंय अजून. राहू दे उभं. तू बघू नकोस.”

मग तिनं न बघायला सुरुवात केली. टेबलाचं तोंड फिरवून खिडकीकडं पाठ केली. आवाज मात्र यायचाच. रोज संध्याकाळी तिचा आवाज, मग सरांचं काहीतरी हळू बोलणं, मग पुन्हा तिचा आवाज. एकदा नव्या रखवालदाराचं ऐकू आलं, “ओ बाबा, बाजूला व्हा, गाडी येतीय.” ज्यांना या आवारात ‘सर’ सोडून कुणी दुसरी हाक मारली नव्हती, ते बाबा झाले होते. रखवालदाराचाही दोष नव्हता. त्याला काय माहीत?

शिवशरण म्हणाला, “सोड ती नोकरी. जीव जाळून घेऊ नको.” तिनं दोन दिवस तो विचार केला. मुलगी बारावीला होती. आणि आपण सोडली तर तिथं जी दुसरी येईल, ती सरांना ओळखणारही नाही. या दुसऱ्या कारणात फार दम नव्हता, हे तिचं तिला कळत होतं. ओळखून तरी ती काय करत होती?

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी दिवेलागणीला काकूंचा फोन आला. “दीपमाला, हे आले न्हाईत गं अजून. आहेत का तिथं?”

तिनं खिडकीबाहेर बघितलं. गेटवर कुणी नव्हतं. रखवालदार म्हणाला, होते मघाशी, मग निघून गेले. कुठल्या बाजूला, ते त्यानं बघितलं नव्हतं. मशीनमध्ये नोंद सापडली, प्रवेश नाकारला, वेळेसकट. गेलेल्या माणसाची दिशा मशीनमध्ये नव्हती.

तिनं शिवशरणला फोन लावला, लालमहंमद चाचांना लावला. चाचा फिरोजला घेऊन स्कूटरवर निघाले. दोघांनी बाजारपेठ पालथी घातली, कोर्टाच्या मागची गल्ली बघितली, कॉलेजच्या गेटवर बघितलं. दीपमाला चालतच स्टेशनच्या रस्त्याला लागली. ज्याला-त्याला विचारत होती, “उंच आहेत, शर्ट खोचलेला, चष्मा...” भोंग्यावरून पोरांची वर्णनं सांगायची तशीच सांगत होती. तेव्हा मात्र यात्रेतलं एकूण एक पोर सापडायचं.

सर सापडले बसस्थानकात. शिवशरणनं डेपोतल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कळंबच्या गाडीत खिडकीशी बसले होते. सरांचं मूळ गाव कळंब, तिथंच ते वाढलेले. कंडक्टर तिकीट मागत होता आणि सर त्याला शांतपणे सांगत होते, “मी सभासद आहे.” कंडक्टरनं दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर. शिवशरण शेजारी जाऊन बसला. “सर, चला घरी.” “तू कोण?” “दीपमालाचा मालक.” सर लगेच उठले. “ती बरी आहे ना? बोलत न्हाय हल्ली माझ्याशी.”

हे शिवशरणनं तिला त्या दिवशी सांगितलं नाही. बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

उत्कर्ष दुसऱ्याच दिवशी हैदराबादहून आला. वाईट मुलगा नव्हता. डोळे सुजलेले होते. आईबापाला घेऊन जायचं त्यानं ठरवलं होतं; इथं ठेवण्यात अर्थ नव्हता, हे कुणालाही दिसत होतं. सामान बांधून झाल्यावर तो जिमखान्याच्या ऑफिसात आला.

“ताई, बाबांचं सभासदत्व बंद करायचंय. अर्ज आणलाय. त्यांना यावं लागंल का?”

“न्हाय,” दीपमाला म्हणाली.

“ओटीपी वगैरे?”

“न्हाय. त्याला काही लागत न्हाय.”

तिनं सरांचं नाव काढलं. पडद्यावर तो फोटो आला, भांग नीट पाडलेला. खाली बटण होतं, ‘सभासदत्व रद्द’. हे बटण दाबायचा अधिकार ऑफिसला होता. आत घ्यायचा नव्हता, काढून टाकायचा होता. तिनं आजवर ते कितीतरी जणांसाठी दाबलं होतं, बदली झालेल्यांसाठी, वारलेल्यांसाठी, आणि त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. तिनं ते दाबलं. पडद्यावर ‘यशस्वी’ असं हिरव्या अक्षरांत आलं.

उत्कर्ष उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला. “एक विचारू? बाबा इथं येऊन करायचे तरी काय एवढं?”

“कॅरम खेळायचे,” ती म्हणाली. आणखी सांगण्यासारखं खूप होतं. पण गाडी बाहेर उभी होती, त्यात सर मागच्या सीटवर बसलेले होते, आणि उत्कर्षला उजेडात हैदराबाद गाठायचं होतं. ती गाडीपर्यंत गेली. काच खाली होती. सरांनी तिच्याकडं बघून हात जोडले, अनोळखी माणसाला जोडतात तसे.

दिवाळीत अण्णांनी सगळ्या नोकरांना कपडे दिले. दीपमालाला साडी देताना म्हणाले, “सरांना नेलं ते बरं झालं बघ. आपल्याकडं त्यांची सोय नव्हती.” ती ‘व्हय’ म्हणाली. गेटच्या आवाजाचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. नवी अपडेट येऊन गेली होती, त्यात मोबाईलवरून जेवण मागवायची सोय आली, आवाज तोच राहिला. कुणाचं तरी सभासदत्व अधूनमधून स्थगित व्हायचं आणि ती खिडकीकडं पाठ करून बिलं काढत राहायची.

संक्रांतीच्या सुमारास काकूंचा हैदराबादहून फोन आला. तीळगूळ झाला, मुलीची चौकशी झाली, गुडघ्यांचं झालं.

“सर कसे आहेत?” दीपमालानं विचारलं.

“बरे आहेत. जेवतात, झोपतात. आता कुठं जायचं म्हणत न्हाईत. दार उघडं असलं तरी बसून असतात.”

“मग तुम्हाला जरा निवांत झालं काकू.”

“निवांतच गं,” काकू म्हणाल्या. पलीकडं टीव्ही लागलेला ऐकू येत होता.

“देऊ का त्यांच्याकडं?” काकूंनी विचारलं.

दीपमालाच्या टेबलापुढं एक सभासद बिल घेऊन येऊन उभा राहिला होता. तिनं त्याला हातानं खुर्ची दाखवली. मग फोनमध्ये हळूच म्हणाली, “नको काकू. राहू द्या. उगाच त्यांना त्रास.”